कृष्णराव, मास्तर

(२० जानेवारी १८९८–२० ऑक्टोबर १९७४). विख्यात महाराष्ट्रीय गायक, नट व संगीतदिग्दर्शक. पूर्ण नाव कृष्णराव गणेश फुलंब्रीकर. जन्म पुण्याजवळील देवाची आळंदी येथे. बालनटाच्या नावामागे ‘मास्टर’ हे उपपद लावण्याची त्या काळी प्रथा होती. कृष्णरावांच्या बाबतीत हे उपपद प्रौढपणीही कायम राहिले आणि पुढे त्यांच्या गुरुस्थानामुळे त्याला ‘मास्तर’ हा अर्थही सहजपणे येऊन मिळाला. रंगभूमी, मैफल, बोलपट व राष्ट्रगीत अशा चार क्षेत्रांत त्यांनी कार्य केले. गाणाऱ्या नटाने इतरांचे गाणे बांधण्याची व चालविण्याची जबाबदारी पत्करणे, हे या चारही क्षेत्रांतील त्यांच्या कार्याचे समान सूत्र होय.

पाश्चात्त्य ऑपेरात गायक आणि वाद्यवृंदसंचालक यांची कामे काटेकोरपणे विभागलेली असतात. संगीतकाराने लिहून ठेवलेली स्वरलिपी प्रमाण मानली जाते, संचालक हातातील छडीने लय व बलाबल ठरवितो आणि गायकाला त्या चौकटीत राहूनच आपली कला दाखवावी लागते. त्यामुळे एखादा नामवंत टेनर गायक संचालकाच्या चौथऱ्यावर उभा राहिला की, त्याचे विशेष कौतुक होते. माद्रिदमध्ये जन्मलेले (१९४१) व मेक्सिकोत वाढलेले प्लासिदो दोमिंगो हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यांचे आईवडील सारस्वेला या स्पॅनिश संगीतनाट्यप्रकाराची मंडळी चालवीत; तेव्हा आपल्याकडील नाटकमंडळीच्या बिऱ्हाडातील मुलासारखेच त्यांचे बालपण गेले. १९७३ पासून त्यांनी ऑपेराचे संचालनही केले. जर्मन टेनर पेटर श्रायर (१९३५–२०१९) हे तर बाखच्या ‘पॅशन’ रचनांत स्वतः गात असतानाच वाद्यवृंदाचे संचालन करीत.

मराठी संगीत रंगभूमीवर अशी विभागणी मुळातच नव्हती. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा प्रयोग करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) हेच नाटककार, पदांचे चालकार आणि सूत्रधार होते. त्यांच्या पदांत कीर्तनातील साकी-दिंडीपासून रागदारीपर्यंत सर्व काही होते. रंगमंचाच्या खाली वा विंगेत पेटी, पुढे ऑर्गन, तबला आणि सारंगी एवढाच वाद्यमेळ असे. पद किती वेळ गायचे, कोठे तान घ्यायची, कितवा ‘वन्समोअर’ स्वीकारायचा, हे रंगमंचावरील गायक-नट आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये ठरे. वादकांनी गायकाच्या मागे जावे, हा नियम. म्हणजे संचालक जर कोणी असेल, तर तो गाणाराच. या व्यवस्थेचे वैभव आणि तिचा धोका एकाच ठिकाणी होता. गायक समर्थ असेल तर प्रयोग पहाटेपर्यंत रंगे. पण नाटक मात्र पदाखाली दबून जाई. कृष्णराव या व्यवस्थेत वाढले आणि तिला वळण देण्याचे काम पुढे त्यांच्याच वाट्याला आले.

लहानपणीच गोड व चपळ गळ्यामुळे त्यांचा प्रवेश नाट्यकलाप्रवर्तक संगीत मंडळीत झाला आणि ‘संत सखू’ या नाटकातील बालभूमिकेने ते लोकांपुढे आले. याच मंडळीत त्या वेळी सवाई गंधर्व (रामभाऊ कुंदगोळकर) होते. तथापि त्यांच्या आयुष्याला दिशा दिली ती भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी. फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर उस्तादांकडून, म्हणजे ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही परंपरांतून, विद्या मिळविलेले बुवा पुण्यात राहून शिष्य घडवीत होते. बालगंधर्वही त्यांचेच शिष्य. कृष्णरावांना बुवांनी घरच्या मुलासारखे वागविले. बुवांच्या मैफलींत तंबोऱ्यावर बसून, त्यांच्या मागे स्वर भरीत, गावोगाव हिंडून त्यांनी जी तालीम घेतली, ती बुवांच्या निधनापर्यंत चालू होती. ही पद्धत पाठशाळेची नव्हे. गुरू मैफल कशी उभी करतो, श्रोते ढिले पडले असता काय करतो, चीज कोठे सोडतो, हे शिष्याने मागे बसून उचलायचे असते. पुढे संगीतदिग्दर्शक म्हणून कृष्णरावांना प्रसंगाची जी अचूक जाण दाखविता आली, तिचे मूळ या बैठकीत आहे.

बालगंधर्व, गणेश बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये स्थापन केलेल्या गंधर्व नाटक मंडळीत कृष्णराव दाखल झाले, तेव्हा त्या कंपनीचे संगीत शिखरावर होते. ‘मानापमान’च्या (१९११) चाली टेंब्यांनी दिल्या होत्या. ‘स्वयंवर’ (१९१६) आणि ‘द्रौपदी’ (१९२०) ही नाटके भास्करबुवांनी सजविली. या नाटकांत चाल आधी आणि शब्द नंतर, अशी रीत होती. बुवांनी एखाद्या रागातील बंदिश निवडावी व नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी तिच्या मात्रांवर मराठी पद बसवावे. परिणामी पदे रागदारीच्या दृष्टीने भरदार झाली. परंतु पात्राची मनःस्थिती चालीमागून चालू लागली. कृष्णरावांनी या कंपनीत ‘शारदा’, ‘सौभद्र’, ‘एकच प्याला’ इ. नाटकांतून भूमिका केल्या. मात्र त्यांची खरी कामगिरी बुवांच्या मृत्यूनंतर सुरू झाली. गुरूची रिकामी जागा वयाच्या पंचविशीच्या आत असलेल्या शिष्याला भरावयाची होती, आणि ज्यांच्यासाठी चाली बांधावयाच्या ते बालगंधर्व तर वयाने व मानाने त्यांचे वडीलधारे गुरुबंधू होते.

‘मेनका’ (१९२६), ‘कान्होपात्रा’ (१९३१), ‘सावित्री’ (१९३३), ‘अमृतसिद्धी’ (१९३३) इ. नाटकांना कृष्णरावांनी संगीत दिले. त्यांतील ‘कान्होपात्रा’ हे विशेष लक्षणीय आहे. मंगळवेढ्याच्या या संत गणिकेच्या कथेत ख्यालाच्या अंगाची पदे विसंगत ठरली असती. कृष्णरावांनी संतांच्या अभंगांना रागाचा आधार ठेवून, पण भजनाच्या वळणाच्या चाली दिल्या. बालगंधर्वांच्या उत्तर आयुष्यातील भजनी गायकीचा पाया या नाटकाने घातला. ज्या आळंदीत कृष्णरावांचा जन्म झाला, तेथील टाळमृदंगाचा संस्कार येथे उपयोगी पडला असावा, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. या कंपनीच्या वाद्यमेळात तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असे कलावंत होते. असा साथीदारांचा संच हाताशी असता चालकाराने त्यांना लिहून दिलेल्या ओळी वाजवावयास सांगणे हास्यास्पद ठरले असते. म्हणून कृष्णरावांचे संचालन हे इशाऱ्याचे, तालमीचे व विश्वासाचे होते. प्रत्यक्ष प्रयोगात अखेरचा शब्द बालगंधर्वांचाच राही.

मैफलीतील गायक म्हणून कृष्णरावांचे स्थान स्वतंत्र आहे. मोकळा व लवचिक आवाज, जलद आणि दाणेदार तान, सरगमाशी लीलया चालणारा खेळ व लयीवरील पक्के नियंत्रण ही त्यांची वैशिष्ट्ये. रागाचे दीर्घ, संथ चिंतन करण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. थोडक्या वेळात रागाचे मर्म दाखवून श्रोत्यांना चकित करणे आणि प्रसंगी हसविणे त्यांना आवडे. या खेळकरपणामुळे काही कर्मठ जाणकारांनी त्यांना हलके लेखले. त्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. पण ज्या चंचल बुद्धीमुळे त्यांचा ख्याल क्वचित उथळ वाटे, तीच बुद्धी तीन मिनिटांच्या गीतात सोन्यासारखी उपयोगी पडली, हेही नमूद केले पाहिजे. तिलककेदार, मंगलतोडी यांसारखे राग आणि अनेक बंदिशीही त्यांनी बांधल्या.

१९३१ मध्ये भारतात बोलपट आला आणि १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. त्यानंतर दोन-चार वर्षांतच नाटकमंडळ्यांची थिएटरे ओस पडू लागली. बालगंधर्वांनी पुरुषवेषात एकनाथांची भूमिका केलेल्या प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या बोलपटाला कृष्णरावांनी संगीत दिले. पुढे ‘अमरज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ व त्याची हिंदी आवृत्ती ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ व ‘पडोसी’ (१९४१) या प्रभातच्या बोलपटांचे संगीत त्यांचेच होते. नाटकातून आलेल्या गायकाला हे माध्यम सोपे नव्हते. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. वन्समोअरला वाव नव्हता. आणि अनेकदा गाणे ज्याच्या तोंडी आहे तो गवई नसे. येथे गायकाने वाद्यांना ओढीत न्यावयाचे नसून, वाद्ये, शब्द, पावले व छायाचित्रकाची चौकट या सर्वांनी एका आखलेल्या लयीत एकत्र यावयाचे होते. म्हणजे ज्याला पाश्चात्त्य अर्थाने संचालन म्हणावे, ते कृष्णरावांना प्रथम प्रभातच्या ध्वनिमुद्रणगृहात करावे लागले. ‘माणूस’मधील शांता हुबळीकर यांच्या तोंडचे, अनेक भारतीय भाषांतील कडव्यांचे गीत हे त्यांच्या या नव्या कौशल्याचे उत्तम उदाहरण होय. प्रत्येक कडव्यात भाषा बदलते, तिच्याबरोबर चालीचा तोंडवळाही बदलतो आणि तरीही ध्रुपदावर आल्यावर गाणे एकच राहते. ‘शेजारी’त हिंदू-मुसलमान मित्रांच्या दुराव्याची गंभीर कथा असून, तेथे समूहगीताचा उपयोग गावाचा आवाज म्हणून केला आहे. राजकमलच्या ‘भक्तीचा मळा’ (१९४४) या बोलपटात त्यांनी संगीताबरोबर सावता माळ्याची प्रमुख भूमिकाही केली. गायक, नट व संगीतदिग्दर्शक या तिन्ही नात्यांनी ते एकाच कृतीत दिसतात, ती ही कृती.

बोलपटात शिकलेली मितव्ययी रचना घेऊन ते रंगभूमीवर परतले. मो. ग. रांगणेकरांच्या नाट्यनिकेतनने १९४२ मध्ये ‘कुलवधू’ रंगभूमीवर आणले. नाटक आटोपशीर, घरगुती व आधुनिक होते. नायिकेची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. कृष्णरावांनी मोजक्याच पदांना चाली दिल्या. त्या प्रसंगातून सुरू होतात व प्रसंग संपताच थांबतात. ज्या कंपनीत एकेक पद अर्धा-अर्धा तास रंगे, तिच्याच संगीतदिग्दर्शकाने हे घडवावे, यात रंगभूमीच्या एका युगाचा पालट दिसतो. ‘एक होता म्हातारा’ (१९४८) हे नाट्यनिकेतनसाठी त्यांनी संगीत दिलेले आणखी एक नाटक.

कृष्णरावांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रयत्न मात्र नाटक-बोलपटांच्या बाहेरचा आहे आणि तो यशस्वी झाला नाही. बंकिमचंद्र चतर्जींच्या ‘आनंदमठ’ (१८८२) या कादंबरीतील ‘वंदे मातरम्’ हे गीत १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी गायिले होते. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ते देशभर गाजविले होते. त्याच्या चाली अनेक होत्या व बहुतेक सर्व एकट्या तयार गळ्यासाठीच बांधलेल्या. कृष्णरावांनी त्याला झिंझोटी रागात चाल दिली. ब्रिटिश अमदानीत नभोवाणीवरून हे गीत गाण्यास अडथळा आला, तेव्हा त्यांनी नभोवाणीवर गाणेच सोडून दिले. मैफलींवर व ध्वनिमुद्रणांवर चरितार्थ असलेल्या कलावंताच्या दृष्टीने हा त्याग लहान नव्हता.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला. १९४७ मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागण्यात आले, तेव्हा ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका देण्यात आली व वाद्यवृंदाने ते वाजविले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी संविधान सभेत पंडित नेहरूंनी या प्रसंगाचा उल्लेख करून, वाद्यवृंद व लष्करी बँड यांवर वाजविण्यास ‘जन गण मन’ची चाल अधिक सोयीची असल्याचे मत मांडले. ‘वंदे मातरम्’विषयी मुसलमान पुढाऱ्यांचे धार्मिक स्वरूपाचे आक्षेपही होते आणि १९३७ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्याची पहिली दोनच कडवी गावीत, असे ठरविलेले होते. राजकीय बाजू कृष्णरावांच्या आवाक्याबाहेरची होती. ‘हे गीत बँडवर वाजत नाही, समूहाला गाता येत नाही’ या आक्षेपाचे उत्तर मात्र संगीतकारच देऊ शकत होता, व ते देण्याचे त्यांनी ठरविले.

हा आक्षेप पोकळ नव्हता. हिंदुस्थानी चालीचे सौंदर्य मींड, कणस्वर व श्रुतिभेद यांत असते. पितळी वाद्यांचे स्वर मात्र ठाम व परस्परांपासून सुटे असतात. बँडला ठरावीक पावलांची लय लागते; विलंबित ताल वा मुक्त आलाप त्याला पेलत नाही. शिवाय बंकिमचंद्रांच्या कडव्यांत लांब संस्कृत समास आहेत, त्यांना चालत्या पावलावर बसविताना श्वास कोठे घ्यावा, हाच प्रश्न पडतो. राष्ट्रगीत फार वेळ चालूनही भागत नाही. ‘जन गण मन’चा पूर्ण पाठ ५२ सेकंदांत संपतो. आणि सर्वांत बिकट बाब म्हणजे आपल्या नागर संगीतात समूहाने गाण्याची सवयच नाही. ती आहे वारकऱ्यांच्या दिंडीत, देवळातील भजनात, किंवा अगदी दुसऱ्या टोकाला, भामरागडच्या माडिया गावांतील ‘रेला’ नृत्यगीतांत, जेथे फेर धरून गाणारे आणि ऐकणारे वेगळे नसतात. अशा गाण्यांत स्वर थोडे असतात, पल्ला आखूड असतो आणि ओळ पुनःपुन्हा फिरून येते. कृष्णरावांची झिंझोटीची निवड या दृष्टीने विचारपूर्वक होती. खमाज थाटातील हा राग; त्याचा विहार मुख्यतः मंद्र व मध्य सप्तकांत, स्वरांची चाल सरळ, आणि धुनेच्या अंगाने तो लोकांच्या कानांवर सदैव असलेला. त्यांनी मींड गाळून स्वर सुटे केले, समासांची फोड तालाच्या खंडांवर बसविली आणि बँडच्या जाणकारांच्या साहाय्याने वेगवेगळ्या वाद्यांसाठी स्वरलिपी तयार केल्या. मग स्वखर्चाने व स्वतःच्या श्रमाने दिल्लीस जाऊन नेहरू व संविधान सभेचे सदस्य यांच्यासमोर समूहगायन व बँडवादन यांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आयुष्यभर क्षणोक्षणी गाणे बदलणाऱ्या या गायकाने येथे एकही स्वर न बदलणारी, कोणाही अनामिक वादकाला वाजविता येईल अशी चाल बांधली, हे विशेष होय.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी संविधान सभेत ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित केले आणि स्वातंत्र्यलढ्यात ऐतिहासिक कार्य केलेल्या ‘वंदे मातरम्’ला समान मानाचे स्थान राहील, असे सांगितले. त्या मानासोबत कोणतीही एक चाल अधिकृत करण्यात आली नाही. नभोवाणीवर पुढे रूढ झालेली चाल देस रागातील होती. कृष्णरावांची झिंझोटीतील चाल महाराष्ट्रातील सभा-संमेलनांपुरती उरली.

या अनुभवातून त्यांनी आणखी एक काम हाती घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार १९५६ मध्ये त्यांनी पाली ‘बुद्धवंदना’ स्वरबद्ध केली. येथेही प्रश्न तोच होता : गाण्याची तालीम नसलेल्या हजारो लोकांना एकत्र म्हणता येईल आणि तरी पठणाचे गांभीर्य ढळणार नाही, अशी स्वररचना करणे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला.

बंदिशी व रागस्वरूपे यांची स्वरलिपी देणारी ‘रागसंग्रहमाला’ त्यांनी भागशः प्रसिद्ध केली. गुरुमुखातून मिळालेली विद्या कागदावर उतरविण्यास जुने गवई नाखूष असत; कृष्णरावांना बोलपटाने व बँडने स्वरलिपीचे मोल पटवून दिले होते. त्यांच्या शिष्यांत राम मराठे (१९२४–८९) व गायिका-कादंबरीकार योगिनी जोगळेकर हे प्रमुख. राम मराठे यांनी ‘गोपालकृष्ण’मध्ये बालकृष्णाची भूमिका केली होती आणि पुढे संगीत रंगभूमीच्या पुनरुज्जीवनाच्या काळात गायक-नट व संगीतदिग्दर्शक अशी दुहेरी कामगिरी गुरूप्रमाणेच पार पाडली. पुण्या-मुंबईत ही परंपरा क्षीण झाली, तरी चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकांत ऑर्गन-तबल्याच्या साथीने प्रत्यक्ष रंगमंचावर गाण्याची रीत एकविसाव्या शतकातही टिकून आहे. वडसा (देसाईगंज) हे तेथील मंडळ्यांचे केंद्र असून, नटाला गळा आहे की नाही हे तेथील प्रेक्षक अजूनही प्रथम पाहतात.

कृष्णरावांना भारत सरकारतर्फे पद्मभूषण (१९७१) आणि संगीत नाटक अकादमीचे सन्माननीय सदस्यत्व (१९७२) हे बहुमान लाभले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.